पेल्याचा वास

पाणी पिऊन महिपतीने पेला चुलीजवळ ठेवला आणि राहीबाईने तो उचलून नाकाशी नेला. एवढंच झालं. तिचा दुसरा हात तव्यावरची भाकरी उलटण्यात गुंतला होता, डोळे जाळावर होते. पेला नाकाशी गेला, श्वासभर तिथे थांबला आणि मग फळीवर पालथा पडला. आपण काही केलं हे तिच्या गावीही नव्हतं. बट मागे सारावी, पदर खोचावा, तितक्या सहज. महिपती मात्र पाटावर बसल्या जागी थिजला. भातगिरणीतून आल्यावर डोक्यातला कोंडा झटकायचं राहून गेलं होतं, तो कपाळावरच्या घामात चिकटून खाजत होता, पण हात वर जाईना. शिमग्यापासून त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. पावसाळा गेला, दसरा गेला. महाडच्या या आळीत, गांधारी नदीकडे उतरणाऱ्या या भाड्याच्या खोलीत तो रोज संध्याकाळी सरळ पावलांनी आला होता, जेवला होता, नवरा-बायकोंनी बोलावं तसं चार शब्द बोलला होता. आणि ही रोज पेला हुंगत होती? की आजच? त्याला आठवेना. आठवत नाही म्हणजे रोजच असणार, असं त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं.

"काय गो, वास येतो काय?" त्याने विचारलं.

"कसला?"

"पेल्याला."

राहीबाईचा हात तव्यावर अडखळला. आत्ता कुठे तिला कळलं. "राखेचा येतो," ती म्हणाली. "नीट इसळला नसंल मी." आणि स्वच्छ पेला पुन्हा घेऊन ती उगाचच विसळत बसली. तिने त्याची लाज राखायला खोटं सांगितलं, हे कळून महिपतीला रडू यायचंच बाकी राहिलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

पेला पितळेचा होता, राहीबाईच्या लग्नातला. महाडला बिऱ्हाड करताना डोंगरावरच्या कुडपण गावातल्या घरातून तिने फार थोडी भांडी आणली, त्यात हा आणला. टाकून का दिला नाही, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. लेक आवडी लहान होती त्या वर्षी तो कापडगिरणीची रजा टाकून गणपतीला मुंबईहून कुडपणला आला होता. पठारावर धुकं असं बसलेलं की गोठ्यातली गुरं नुसती ऐकू येत. मुंबईत त्याची पिण्याची वेळ ठरलेली होती, पाळी सुटली की. गावी वेळ ठरलेली नव्हती, म्हणून दिवसभर. आईला दिसू नये म्हणून तो याच पेल्यातून प्यायचा आणि कुणी विचारलं तर पाणी म्हणायचा. बाटली माळ्यावर, पेला उशाशी. आवडी तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली, तापाने फणफणलेली, शेजारच्याच गोधडीवर. दिवस मावळला होता, कंदील अजून लागायचा होता. पोरीने पाणी मागितलं. राहीबाईने अंधारात हात लांबवला, उशाचा पेला सापडला, तिने तो पोरीच्या तोंडाला लावला. पोर तापाच्या तहानेने एका घोटात प्यायली. मग जो आवाज झाला तो महिपतीने ऐकलाच नाही, कारण तो तिथेच पडून होता आणि नव्हता. पोर वाचली. ओकून ओकून वाचली. आता ती कशेडी घाटाच्या पलीकडे नांदते, तिला यातलं काही आठवत नाही, बापावर तिची माया आहे. राहीबाईही कधी एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या हाताखालून जाणारा प्रत्येक पेला आधी तिच्या नाकाशी जाऊ लागला, हे आता त्याला एकेक आठवत गेलं. दूध असो, ताक असो, पाव्हण्याला द्यायचं पाणी असो. महिपतीच्या तोंडाजवळ जाणं मात्र तिने सोडलं. नवऱ्याऐवजी ती पेल्याला विचारत होती.

हे सगळं तो मुंबईतल्या मीटिंगमध्येसुद्धा सांगू शकला नव्हता. मीटिंग हा शब्द त्याला फर्नांडिसने दिला. गिरणीच्या गल्लीत फर्नांडिसचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळी हात थरथरत असताना महिपती त्याच्याच पायरीवर टेकायचा, आणि तो म्हातारा ख्रिस्ताव भिंग डोळ्याला लावून घड्याळाऐवजी त्याच्या हातांकडे बघायचा. एके रविवारी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि काही न सांगता याला माझगावातल्या एका प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत नेलं. खोलीत लाकडी खुर्च्या गोल मांडलेल्या. बोटीवरचा एक खलाशी, टाय लावलेला कुणी साहेबी माणूस, एक पारशी, दोन गोवेकर. एकेकाने उठून स्वतःचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, मी दारुडा. महिपतीला वाटलं, हे पोलिसांचंच काम. नावं घेताहेत, आता बेड्या घालणार. दारूबंदी येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पिणं म्हणजे गुन्हा, आणि इथे लोक आपणहून कबुली देऊन वर चहा पीत होते. अर्ध्याहून अधिक बोलणं इंग्रजीत, त्याला ओ का ठो कळेना. पण टायवाला बोलता बोलता थांबला आणि त्याने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले, तेव्हा महिपतीला कळलं. तो स्वतःही तसेच हात दाबून बसला होता. कुणी उपदेश केला नाही. कुणी शपथ घातली नाही. आजच्या दिवसापुरती नको, एवढंच, उद्याचं उद्या. त्याची पाळी आली की तो उभा राहून "मी महिपती, कुडपणचा, दारुडा" म्हणायचा आणि खाली बसायचा. तेवढ्यावर तो टिकला. गिरणीतली नोकरी मात्र आधीच्या खाड्यांनी गेली ती गेलीच. तो कुडपणला परतला नाही, कारण तिथे ओढ्याओढ्याला भट्टी. महाडच्या भातगिरणीत पट्ट्यावर कामाला लागला आणि राहीबाईला खाली आणलं. निघताना फर्नांडिस म्हणाला होता, "तुम अकेला नहीं रहने का. उधर एक और ढूंढो. दो बैठे कि मीटिंग हो गया."

एक शोधायचा. महिपतीला ते सोपं वाटलं होतं, आणि पेल्याच्या त्या संध्याकाळपर्यंत त्याने ते केलंही नव्हतं. आता रात्रभर तळमळून त्याने ठरवलं की शोधायचाच. पण महाडात पिणारा माणूस शोधणं ही मोठी गंमत होती. संध्याकाळी आळीत निम्मी माणसं हेलपाटत होती आणि एकही पीत नव्हता. कुणाला चक्कर आली होती, कुणाला पित्त झालं होतं, कुणाच्या पायाला काटा लागला होता. चहाच्या दुकानात बसून महिपती सकाळची माणसं न्याहाळू लागला. कप दोन्ही हातांनी कोण धरतो, बशी कुणाची वाजते, पहिला घोट घेताना तोंड कपाकडे कोण नेतो. त्याला त्यांची ओळख पटत होती, आणि त्या ओळखीत एक विचित्र माया होती, परगावी आपल्या वाडीचा माणूस दिसावा तशी. अशात त्याला मुरारी सापडला. मुरारी बाजारपेठेतला शिंपी, माणूस नेटका, मापाला चोख. त्याच्या कोटाच्या कॉलरला रोज सकाळी सुयांची रांग टोचलेली असायची आणि प्रत्येक सुईत दोरा आधीच ओवलेला. त्याची बायको रखमा आदल्या संध्याकाळी ओवून ठेवते, असं लोक कौतुकाने सांगत. महिपतीने त्या सुया बघितल्या आणि ओळखलं. सकाळी ज्याच्या हाताला सुईचं भोक सापडत नाही, त्याच्यासाठी एक बाई दिव्याशी बसून हे करते, आणि गाव त्याला संसार म्हणतं.

"शिंपीदादा, एक इचारू?"

"विचारा की. सदरा का पैरण?"

"कापडाचं नाय." महिपतीने आवाज उतरवला. उतरवायला नको होता, तिथेच चुकलं. "तुमी घेता ना?"

मुरारीचा पाय यंत्रावर थांबला. त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग याच्या पायांकडे, बूट पोलिसांचे आहेत का म्हणून. पाय अनवाणी होते. "मी घेत नाही," तो म्हणाला, "आणि घेत असतो तर बाजारात सांगितलं नसतं." मग कात्री उचलून, कापडाशी बोलावं तसं पुटपुटला, "दासगावला जा. खाडीवर गोमाजी विचारा. माझं नाव काढू नका."

महिपतीला हसू आलं नाही. ज्या गावात दारूबद्दल फक्त एकाच कारणासाठी हळू बोलतात, तिथे हळू बोलल्यावर दुसरं काय होणार? पण रविवारी गिरणी बंद होती आणि तो दासगावच्या रस्त्याला लागला. सावित्रीच्या काठाने जाताना तो स्वतःला सांगत होता की हा गोमाजी पिणाऱ्यांना ओळखत असेल, त्यांच्यातला एखादा कंटाळलेला भेटेल. सांगत होता, आणि जिभेच्या मुळाशी पाणी सुटत होतं. आपण नक्की कशाला चाललोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित परत फिरला असता, आणि मग पुढचं काहीच झालं नसतं. भरतीची वेळ होती, चिखलावर पाणी चढत होतं. गोमाजीची शाकारलेली पडवी होड्यांच्या मागे होती. आत एक धिप्पाड म्हातारा भोई जाळं विणत बसलेला, आणि कोपऱ्यात भट्टीचं ते काळं पिंप आडवं पडलेलं. पिंपात गवत घालून कोंबडी उबवायला बसवली होती.

"काय पायजे?" गोमाजीने मान वर न करता विचारलं. "पायजे असंल तर नाय. बंद हाय. पोलिसांनी नाय केली, मीच केली."

"मला नकोच हाय," महिपती म्हणाला. "मला नको असनारा मानूस हवाय."

गोमाजीने जाळं खाली ठेवलं आणि तो इतका हसला की कोंबडी पिंपातून फडफडत बाहेर आली. मग हसू ओसरल्यावर त्याने कोंबडी उचलून परत गवतावर ठेवली. "माजीच पाडायचो, मीच प्यायचो," तो म्हणाला. "रंगू, माजी बायकू, गेली, तर तिला पोचवायला लोक गेले. मी ह्याच पडवीत पडून व्हतो. शुद्धीवर आलो तवा राखसुदा सावडून झाल्याली." महिपती उभा राहिला. का, ते त्यालाच कळलं नाही, मुंबईची सवय. छातीशी हात धरून म्हणाला, "मी महिपती, कुडपनचा. मी दारुडा."

"ते दिसतंय," गोमाजी म्हणाला. "बस."

अशी महाडची पहिली मीटिंग झाली. खुर्च्या नव्हत्या, एक उलटी होडी होती. चहा गुळाचा, काळा. त्या दिवशी महिपतीने आवडीची गोष्ट सांगितली. पेल्याची. सांगताना तो भरतीच्या पाण्याकडे बघत होता, आणि गोमाजीने मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही, यासाठी महिपती जन्मभर त्याचा ऋणी राहील. दर रविवारी तो जाऊ लागला. काही रविवारी दोघं नुसतेच बसत, जाळ्याच्या गाठी मारत. पोटातली ती ओढ येई, पाण्यासारखी चढे, आणि समोर बसलेल्या माणसाला ती दिसते आहे एवढ्यानेच उतरे. पुढे एका रविवारी बांधावरून मुरारी येताना दिसला. महिपती दासगावला जातो आणि तिथून शुद्धीत परत येतो, हे कोडं त्याला सुटत नव्हतं, ते सोडवायला आला होता. थंड पडलेलं पिंप आणि अंडी बघून त्याचा चेहरा असा पडला की गोमाजीला त्याची दया आली आणि त्याने त्याला चहा दिला. मुरारी त्या दिवशी शिव्या देत गेला. पुढच्या रविवारी परत आला. मधेच तो घसरे, मग दोन रविवार तोंड दाखवत नसे, आणि तिसऱ्या रविवारी होडीवर येऊन पोरासारखा रडे. त्याच्या कॉलरच्या सुया कमी झाल्या नव्हत्या. पण एकदा त्याने स्वतः ओवलेली एक सुई वेगळी आणून दाखवली होती, आणि ती तिघांनी हातात घेऊन पाहिली होती.

राहीबाईला हे सगळं सांगायचं कसं? महिपतीने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं, दासगावला गोमाजीकडे गेलो होतो. तिच्या हातातलं सूप थांबलं. "गोमाजीकडं? भट्टीवाल्याकडं?"

"भट्टी बंद हाय त्याची. आमी बसतो. बोलतो."

"काय बोलता?"

"दारूचंच."

ती तांदूळ पाखडत राहिली. दारू सोडलेला माणूस दर रविवारी भट्टीवाल्याकडे जाऊन दारूबद्दल बोलतो, हे तिने गिळावं तरी कसं? तिच्या जागी तो असता तर त्यानेही पेला हुंगला असता. पेला हुंगणं वाढलंच. आता ती डोळे तव्यावर ठेवत नसे; मुद्दाम, सावकाश हुंगे आणि मग त्याच्याकडे न बघता पेला पालथा घाली. वास येत नाही याने तिचं समाधान होत नव्हतं, उलट ती अधिक घाबरत होती, येईल तेव्हा काय म्हणून. त्याला सगळं कळत होतं आणि तिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता. एक दिवस असा यावा की ती पेला न हुंगता पालथा घालील; देवाकडे मागायचं झालं तर तो एवढंच मागणार होता. तो दिवस यायच्या आधी कुडपणहून निरोप आला.

कुडपणच्या शिवेवर ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. भात-नाचणी घरात आली की त्याला कोंबडा द्यायचा, दारू द्यायची, आणि वर्षभर गुरं-माणसं सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालायचं. याला राखण म्हणतात. मान महिपतीच्या घराण्याचा. आजवर थोरला चुलतभाऊ हैबती ते करत आला होता, पण यंदा त्याचा गुडघा सुजून खांबासारखा झाला होता, दगडापुढे वाकणं शक्य नव्हतं. दुसरा मानकरी महिपतीच. मानकऱ्याने सकाळपासून उपाशी राहायचं, गाऱ्हाणं घालायचं, दगडावर धार धरायची आणि उरलेल्यातली पहिली ओंजळ स्वतः प्यायची. तो प्यायला नाही तर राखणदाराने घेतली नाही असं धरतात, आणि मग वर्षभर एखादं वासरू वाघाने नेलं तरी बोट त्याच्याकडे. दारूबंदी सरकारची, राखणदाराला ती कुणी कळवली नव्हती.

त्या रविवारी त्याने हे मीटिंगमध्ये मांडलं. मुरारी म्हणाला, "बोट बुडवायचं, ओठाला लावायचं. कोण बघतंय?"

"बोटावर थांबलायस कदी तू?" गोमाजीने विचारलं. खाडीला ओहोटी लागली होती. गोमाजी जाळ्याची गाठ सोडवत राहिला. "मला ठावं नाय रे महिपती," तो शेवटी म्हणाला. "देवाच्या पुडं मी काय सांगू? पन येत्या रविवारी हितं ये. घेतलीस तरी ये, नाय घेतलीस तरी ये." महिपतीला वाटलं होतं, काही युक्ती मिळेल. युक्ती मिळाली नाही. पण परत येताना सावित्रीच्या काठाने त्याला एकटं वाटलं नाही.

राहीबाईला राखण म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. ती त्याच गावची सून. "जायला पायजे," ती म्हणाली. "देवाचं हाय." आणि त्याच्या पिशवीत धुतलेला पांढरा सदरा घालताना तिने तो दोनदा घडी केला, दोनदा मोडला. दारात ती काहीतरी बोलेल म्हणून तो रेंगाळला. ती म्हणाली, "उनाचं डोक्याला बांदा कायतरी." 

तो आदल्या दिवशी वर चढला, हैबतीच्या ओटीवर झोपला. सकाळी दगडाभोवती वाडीतले बाप्ये जमले. बायका राखणीला येत नाहीत. बाटली टोपलीत झेंडूखाली लपवून आणली होती, कुणापासून ते कुणालाच माहीत नव्हतं. हैबती सुजलेला पाय लांब करून एका बाजूला बसला. कोंबडा देऊन झाला. मग बाटलीचं बूच निघालं आणि तो वास आला. नाचणीच्या शेताचा, ओल्या जाळाचा, बापाच्या घोंगडीचा, रजेवर आलेल्या सगळ्या दिवसांचा. महिपतीच्या उपाशी पोटाने आतून हाक दिली. बाटली त्याच्या हातात होती आणि देव समोर होता. यापेक्षा चांगली सबब त्याला उभ्या जन्मात मिळणार नव्हती. त्याने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे राखनदारा, शिवेच्या धन्या, आज वाडीनं तुजं तुला दिलंय, ते मानून घे."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. गाऱ्हाण्याला असंच म्हणायचं असतं.

"गुरांना सांबाळ, पोरांबाळांना सांबाळ, डोंगरावर हाईत त्यांना आन मुंबैत हाईत त्यांना सांबाळ."

"व्हय म्हाराजा!"

पुढचं त्याला पाठ होतं. ओंजळीपर्यंतचं सगळं पाठ होतं. पण समोर गोलात माणसं बसली होती, आणि तो एकटा उभा होता, आणि तोंडातून दुसरंच निघालं. "मी महिपती. मी दारुडा हाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" वाडी सवयीने म्हणाली. मग कुणीतरी फिसकन हसलं.

"माज्या पेल्यातली माज्या लेकीच्या तोंडात गेली म्हाराजा."

आता कुणी काही म्हणेना. ऐनावर एक कावळा फांदी बदलत होता. महिपतीला वाटलं, संपलं. गाऱ्हाणं मोडलं, वर्षभराचं पाप आपल्या माथी. तेवढ्यात बाजूने, पाय लांब केलेल्या हैबतीचा घोगरा आवाज आला, एकट्याचा. "व्हय म्हाराजा."

महिपतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माज्या वाटनीची तू घे म्हाराजा. मला आजचा दिस दे."

"व्हय म्हाराजा," हैबती म्हणाला, आणि मग त्याच्यामागून हळू, अवघडून, सगळी वाडी म्हणाली. त्याने बाटली उलटी केली. धार दगडावर पडली, हातावर पडली, बाहीतून कोपरापर्यंत गेली, धोतरावर ओघळली. हात असे कापत होते की अर्धी देवाला आणि अर्धी त्याच्या अंगाला मिळाली. ओंजळीला थेंब उरला नाही. दोघे-तिघे हळहळले, पण फार नाही. राखणीला कुडपणात कधी एकच बाटली आणत नाहीत. दुसरीचं बूच निघायच्या आत, कोंबडा शिजायच्या आत, तो हैबतीच्या पाया पडून उतरणीला लागला. जेवायला थांबला असता तर ती बाटली पानापाशी आली असती.

अर्धा डोंगर तो तरंगत उतरला. मग ऊन सदऱ्यावर तापलं, वास वर आला, आणि त्याचे पाय थबकले. राहीबाई. तिला आज वास येणार. इतके महिने तिने हुंगलं आणि काही आलं नाही. आज पेल्याला नव्हे, सबंध नवऱ्याला येणार, दारातूनच. सदरा ओढ्यात धुवावा? ओढ्याशी तो वाकलाही. पण जुन्या दिवसांत तो नेमका हेच करायचा, ओल्या कपड्यांनी घरी यायचा, चिखलात पडलो होतो म्हणायचा. पेरूची पानं चावावी? तेही तो करायचा. सुटकेचा प्रत्येक उपाय त्याने आधीच वापरून खोटा करून ठेवला होता. पोलादपूरला कशेडी उतरून आलेली एस.टी. मिळाली. शेजारची बाई नाकाला पदर लावून पुढे जाऊन बसली, कंडक्टरने तिकीट लांबूनच दिलं. महिपती खिडकीबाहेर सावित्रीकडे बघत राहिला. पिऊन असा बसलो असतो तर यातलं काही बोचलं नसतं, असं त्याच्या मनात आलं, आणि ओढ पुन्हा पोटातून चढली. आज एवढा मान सांभाळला, कुणी पाहिला? ती मानणारच नसेल तर मग काय फरक? महाडच्या स्टँडमागे कुठे मिळते ते त्याला ठाऊक होतं. तो स्टँडवर उतरला, क्षणभर उभा राहिला, आणि आळीकडे वळला. फरक आहे की नाही हे बघायला तरी घरी गेलंच पाहिजे, एवढंच कारण त्याला सापडलं.

राहीबाई दारातच होती. दिवेलागण झाली होती, आतला कंदील तिच्या पाठीशी होता, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसेना. तो उंबऱ्याशी आला आणि तिची मान किंचित वर झाली. वास पोचला होता. त्याने घडवंचीवरचा पेला उचलला, मडक्यातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायला आणि पेला तिच्यापुढे धरला. काय सांगणार? राखणदाराला दिली, अंगावर सांडली. असलं काहीबाही तर तो पूर्वी रोजच सांगायचा.

तिने पेला घेतला नाही. ती पुढे आली. आवडीच्या त्या संध्याकाळपासून ती इतक्या जवळ आली नव्हती. "तोंड उघडा," ती म्हणाली. त्याने उघडलं. तिने चेहरा त्याच्या तोंडाशी आणला आणि डोळे मिटून वास घेतला, सावकाश, पेल्याचा घ्यायची तसाच. मग त्याच्या हाताचा घेतला. मग बाहीचा. मग पुन्हा तोंडाचा. महिपतीने श्वास रोखला होता. तिने त्याच्या छातीवर थाप मारली, सोडा म्हणून, आणि त्याने सोडला.

"ही वरची हाय," राहीबाई म्हणाली. "आतली नाय."

त्याने आपल्याच बाहीकडे पाहिलं.

"इतकी वर्सं हेच केलं मी. येवडं कळंना मला?" ती म्हणाली, आणि त्याचा ओला सदरा दोन्ही मुठींत धरून एकदम रडायला लागली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, वासाच्या हाताने, तो कुठे ठेवावा हे न समजून. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, मागे सरली, आणि पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडे पाहून कपाळाला आठी घातली.

"सकाळपास्नं पोटात काय नाय तुमच्या," ती म्हणाली. "उपाशी वास येतोय. हात धुवा, भाकर टाकते." आणि त्याच्या हातातला पेला घेऊन तिने तो न हुंगताच मडक्यात बुडवला, आणि ते पाणी स्वतः प्यायली.